चहाच्या कपांचा पाळणा

त्या वर्षी जत्रेच्या आधी तीन आठवडे आमचं गाव एकाच गोष्टीवर भांडत होतं: नवा पाळणा कसा येणार. त्या बोलण्याचा मला आजही राग येतो. त्यात मीही होतो, म्हणून जास्त येतो.

आमचं गाव केडगाव स्टेशनपासून चालत तासाभरावर. जत्रेला दरवर्षी आठ पेट्यांचा लाकडी पाळणा यायचा. त्याला इंजिन नव्हतं. दोन माणसं चौकटीवर चढायची, वर आलेला आरा धरून त्याला लोंबकळायची आणि आपल्या वजनानं तो खाली आणायची. पाय जमिनीला टेकले की पुन्हा वर. त्या दोघांतले एक माझे वडील, आमचे दादा. एरवी ते स्टेशनच्या मालधक्क्यावर पोती उचलत. चैत्र-वैशाखात मात्र पाळण्याच्या मालकाबरोबर दौंड-शिरूरकडच्या जत्रा करत.

आम्ही बौद्धवाड्यातले. वर्षभर गाव दादांना नुसत्या नावानं हाक मारायचं, अरे-तुरे करायचं. पण पेटी वर गेली की तीच माणसं ओरडायची, "आप्पा, हळू घ्या वं!" जत्रा कमिटीचे आबा तर एकदा डोळे घट्ट मिटून म्हणाले होते, "आप्पा, पाया पडतो तुमच्या, थांबवा!" दादा हसायचे आणि पाळणा अलगद थांबवायचे. घरी आल्यावर ते आम्हाला आबांची नक्कल करून दाखवायचे. ते दोन महिने दादांची चालही वेगळी असायची.

आदल्या वर्षी एका चहा कंपनीनं पाळण्याला आपल्या पत्र्याच्या पाट्या लावल्या होत्या. या वर्षी कंपनी अख्खा पाळणाच नवा करणार, अशी बातमी आली. कसा, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे बोलायला सगळे मोकळे.

मी शिरूरच्या कॉलेजात सायन्सच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरातला कॉलेज पाहिलेला पहिलाच. शनिवारी एसटीनं घरी आलो, की शिंपीमामांच्या दुकानाशी थांबायचो. आत नाही, खालच्या पायरीशी.

"पेट्या जाऊन कप येणार, कप! माझा मेव्हणा कंपनीच्या गोडाऊनला हाय," शिंपीमामा मशीन चालवता चालवता म्हणाले.

"कपात बसायचं म्हंजी कानाला धरून?" बाकावरचा एकजण.

"तू बशीत बस. वजन बघ आपलं."

"मधी किटली राहणार. तोटीतनं वाफ निघंल."

"वाफ कशाला? माणसं उकडायला?"

मग शिंपीमामा माझ्याकडं वळले. "ए कॉलेज, तू सांग की. सायन्सला हाईस न्हवं?"

मी आधी नको म्हणालो. मग जर्नलच्या शेवटच्या पानावर चित्र काढलं. आठ कप. शेजारी विहिरीवर असतं तसं डिझेल इंजिन, आणि त्याचा पट्टा पाळण्याच्या चाकावर. पट्ट्यानं चाक कसं फिरतं, तेही सांगितलं. माझं बोलणं गावानं गप्प राहून ऐकलं, असं पहिल्यांदाच घडत होतं. बाकावरचा माणूस सरकला. "वर ये, बस हितं," म्हणाला. मी बसलो. शिंपीमामांनी पान फाडून घेतलं आणि भिंतीला टाचणीनं लावलं.

दुसऱ्या दिवशी दादा माझ्याबरोबर त्या रस्त्यानं जात होते. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण चित्र त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"आन् आम्ही कुठं उभं राह्यचं?"

"दादा, ही नुसती कल्पना आहे."

"कल्पनेत तरी ठिवायचं," एवढंच म्हणाले आणि पुढं चालू लागले.

मला तेव्हाच ते पान काढता आलं असतं. मी काढलं नाही. बाकावरची जागा मला हवी होती. पुढं आबांनी ते चित्र कंपनीच्या माणसाला दिलं. पाळणा त्यावरून केला की कंपनीचं आधीच ठरलं होतं, मला माहीत नाही. आबांनी मात्र गावभर सांगितलं की आपल्या पोरानं काढून दिला, आणि मी कोणालाही नाही म्हटलं नाही.

जत्रेच्या दिवशी पाहिलं तर पाळणा जुनाच होता. लाल रंग दिलेला, पेट्यांना पत्र्याचे कप ठोकलेले आणि शेजारी इंजिन. आबांनी मला पहिल्या फेरीला स्वतःशेजारी बसवलं. "हे आमचं विंजिनेर!"

तेवढ्यात दादा आले. पाळणा गावात आला की बोलावण्याची वाट न पाहता जाऊन उभं राहायचं, अशी त्यांची इतक्या वर्षांची रीत. 'यंदा येऊ नका' असा निरोप मालकानं दिला नव्हता. धुतलेला सदरा घालून, कंबर बांधून ते चौकटीशी आपल्या जागी उभे राहिले.

माझ्या कानाशी आबा ओरडले, "ए, बाजूला हो रं! पट्टा लागंल."

दादा बाजूला झाले. इंजिन सुरू झालं. मी वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो. मला उतरायचं होतं, पण ओरडून सांगायची हिंमत झाली नाही. प्रत्येक फेरीला दादा खाली दिसत होते. मालक त्यांच्या हातात एक काठी देत होता, पोरांना पट्ट्यापासून हाकायला. शेवटच्या फेरीला पाहिलं तर काठी जमिनीवर पडलेली होती आणि दादा तिथं नव्हते.

घरी ते भिंतीला टेकून बसले होते. मी म्हणालो, "आबांना जाऊन सांगतो."

"काय सांगशील? आधी ते ठरव. मग जा."

सकाळी एसटीच्या आधी मी आबांच्या दारात गेलो. पाठ केल्यासारखं बोललो, "काल तुम्ही माझ्या वडिलांना अरे म्हणालात. ते तुमच्या वयाचे आहेत. पाळण्यावर त्यांना आप्पा म्हणत होतात, तसंच खालीही म्हणा."

आबा चिडले नाहीत. मनापासून हसले, म्हणूनच ते मला अजून सहन होत नाही.

"आरं लेका, तवा आमचा जीव त्याच्या हातात असायचा. आता कुठं हाय?"

आतून कोणीतरी मला चहा आणला. मी तो घेतला नाही. आबा म्हणाले, "घे की, कंपनीचा हाय." मी पिशवी उचलली आणि एसटी धरायला चौफुल्याच्या रस्त्याला लागलो. आधी तोंडातल्या तोंडात आबांना अरे-तुरे करत होतो, मग मोठ्यानं, आणखी मोठ्यानं, पण आसपास ऐकायला कोणी नव्हतं.