अप्पांच्या कापसाची ऊब

माझ्या सासऱ्यांना प्लास्टिक चालत नाही, आणि मी गेली चौदा वर्षं प्लास्टिकच्या कारखान्यात नोकरी करतो. आमच्या दोघांच्या नात्याबद्दल एवढं सांगितलं तरी पुरे आहे.

सासरे म्हणजे पिशोरचे अप्पा. कापूस, मका, थोडं अद्रक असं त्यांचं रान. घरात पाणी तांब्याच्या हंड्यात, बियाणं गोणपाटात, आणि प्लास्टिकची बादली असलीच तर ती म्हशीसाठी. मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला काय करता म्हणून विचारलं. मी छाती फुगवून म्हणालो, "वाळूजला पॉलिमरमध्ये आहे." मध्यस्थानं हळूच "म्हंजी प्लास्टिक" असा खुलासा केला आणि अप्पांनी हातातली पोह्यांची ताटली खाली ठेवली. पुढं मुलगी दिली खरी, पण तेव्हापासून गावात ते माझी ओळख 'आमचे प्लास्टिकवाले जावई' अशीच करून देतात. मला ते लागायचं. डिप्लोमाला फर्स्ट क्लास होता मला! (हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो, असं बायकोचं म्हणणं आहे.)

मागच्या डिसेंबरात अप्पांचा उजवा गुडघा धरला. थंडीत तर पाय सरळच होईना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम दिला आणि गुडघा उबेत ठेवा म्हणून बजावलं. वैशालीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यांना सरळ शहरात, आमच्या सिडकोतल्या फ्लॅटवर आणून ठेवलं. अप्पा आले ते स्वतःची गादी घेऊन. एसटीच्या टपावर टाकून! शहरातल्या गाद्यांत काय भरलेलं असतं ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या गादीत त्यांच्याच रानातला कापूस होता. गादी हॉलमधल्या दिवाणावर पसरली गेली आणि अप्पा तिच्यावर बसले. गरम पाण्याची पिशवी त्यांनी हातात घेतली, दाबून बघितली आणि परत दिली. रबर म्हणजे प्लास्टिकचा सख्खा भाऊच की. मग वैशाली सकाळ-संध्याकाळ मिठाची पुरचुंडी गरम करून शेकायची. तिचे हात भाजायचे आणि गुडघा तिथंच.

आता आमच्या कारखान्यात बनतं काय, तर नेमकं हेच: ऊब. काळ्या प्लास्टिकची, कापडासारखी मऊ, पापडाएवढी पातळ शीट. त्या प्लास्टिकमध्ये कार्बनची पूड मिसळलेली असते. शीट थंड असली की पुडीचे कण एकमेकांना खेटून असतात, त्यांच्यातून वीज जाते आणि शीट तापते. तापली की प्लास्टिक फुगतं, कण लांब सरकतात आणि वीज आपोआप अडते. वर रजई टाका, गोधडी टाका, ठरलेल्या उबेच्या पुढं ती जात नाही. थोडक्यात, कुठं थांबायचं ते तिला कळतं. (वैशाली म्हणते, चौदा वर्षं तिच्या संगतीत राहून तुम्हाला ते कळलं नाही.)

मी कारखान्यातून एक शीट विकत आणली. वैशालीनं बजावलं, की अप्पांना आधी सांगा. मी म्हणालो, सांगितलं तर ते दिवाणावरच काय, घरातसुद्धा थांबायचे नाहीत. आधी गुडघा बरा होऊ दे, मग सांगू. माझ्या डोक्यात सगळा देखावा तयार होता. अप्पा टुणटुणीत उभे आहेत, मी खोळ उघडून शीट बाहेर काढतोय, आणि चौदा वर्षांनी ते म्हणतायत, "जावई, चुकलं माझं."

अप्पा आंघोळीला गेले तसं मी गादीची खोळ उसवली, कापसाच्या वर शीट सरकवली, पुन्हा टाके घातले. वायर भिंतीच्या बाजूनं खाली घेतली आणि दिवाणाच्या मागच्या प्लगला छोटा ॲडॉप्टर लावला. चोवीस व्होल्ट, काही भीती नाही. अप्पा आले, बसले, आणि थोड्या वेळानं त्यांनी पाय लांब केला. पूर्ण लांब!

चौथ्या दिवशी ते काठी न घेता गॅलरीत गेले. मी खोळीकडं हात नेला. आता सांगायचंच! तेवढ्यात अप्पांनी गादीवर प्रेमानं थाप मारली.

"बघितलं का वैशू? माझ्या रानातल्या कापसाची ऊब हाय ही. दिवसभर अंग धरून ऱ्हाते."

मला इतका राग आला म्हणून सांगू! कापूस? अहो, तोच कापूस पिशोरला होता तेव्हा गुडघा का धरला होता? पण अप्पांचा चेहरा असा काही खुलला होता, की माझ्या तोंडून "हो ना" एवढंच निघालं. वैशाली स्वयंपाकघरातून डोळे वटारून बघत होती. मी खुणेनं सांगितलं, उद्या.

तो उद्या उजाडला आणि अप्पांनी तळमजल्यावरच्या कुलकर्णी सरांना वर बोलावून आणलं. सर गणिताचे निवृत्त शिक्षक, पुराव्याशिवाय काही न मानणारे. ते गादीवर बसले आणि तासभर उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सरांनी आणखी दोघांना आणलं. आठवडाभरात आमचा दिवाण म्हणजे बिल्डिंगची बैठक झाली. चहाची आधणावर आधणं चढायला लागली. ज्याला त्याला तसली गादी हवी होती, आणि अप्पांचा स्वभाव असा की मागणाऱ्याला नाही म्हणणं त्यांना जमतच नाही. त्यांनी मोजून नऊ जणांना शब्द दिला. संक्रांतीच्या आत प्रत्येकाला पिशोरच्या कापसाची गादी, आणि तीही भेट म्हणून.

मी म्हणालो, "अप्पा, नऊ जरा जास्त होतात."

"होऊ द्या. लोकायच्या कामी येतंय. तुमच्या प्लास्टिकला मागतंय का कुणी?"

मेव्हण्यानं पिशोरहून पिकअपमध्ये सरकी काढलेला कापूस धाडला. गाठोडी जिन्यातून वर चढवताना माझी पाठ धरली, आणि ती शेकायला घरात एकच जागा होती, तिथं अप्पा बसलेले. हॉलमध्ये कापूस, बेडरूममध्ये कापूस, डाळीत कापूस. खोळींचं कापड गुलमंडीच्या बाजारातून मीच आणलं. आणि कापूस पिंजून गाद्या भरायला हमीदभाई पिंजारी आले.

हमीदभाईंनी नमुना बघायचा म्हणून अप्पांच्या गादीचे चार टाके उसवून आत कोपरापर्यंत हात घातला. हात मध्येच थांबला. त्यांनी आधी गादीकडं बघितलं, मग वायरीकडं, मग माझ्याकडं. मी अप्पांच्या पाठीमागून दोन्ही हात जोडले. हमीदभाई जुने जाणते माणूस. त्यांनी हात बाहेर काढला, कपाळाला लावला आणि म्हणाले, "अप्पा, रुई में बहुत दम है." जाताना मात्र जिन्यात माझ्या कानाशी लागून म्हणाले, की त्यांच्या अब्बांचेही गुडघे दुखतात, एक वो अंदर वाली उनके लिए भी. म्हणजे नऊ गाद्यांवर आता ही दहावी मागणी.

पहिली गादी कुलकर्णी सरांची. अप्पांनी ती स्वतः खाली नेऊन दिली, मागोमाग बाकीच्याही घरोघरी गेल्या. दोन दिवसांनी सर वर आले आणि फार अवघडून म्हणाले, की गादी उत्तम आहे, मऊ आहे, पण ती ऊब काही येत नाही. अप्पा म्हणाले, कापूस नवा आहे, अंगाची ओळख होऊ द्या. सर आणखी तीन दिवस ओळख करत बसले. काही उपयोग झाला नाही. (होणार कसा! तिच्यात नुसता कापूस होता.) मग बिल्डिंगमध्ये कुजबूज सुरू झाली, की चांगला कापूस अप्पांनी स्वतःला ठेवला आणि लोकांना हलका दिला.

ते अप्पांच्या कानावर गेलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. वैशाली माझ्याशी बोलेना. आणि तरीही मी, शुंभ, म्हणत होतो, उद्या सांगतो.

रविवारी सकाळी अप्पांनी त्या नऊही घरच्यांना बोलावलं. आमचा हॉल गच्च भरला. अप्पा उभे राहिले आणि म्हणाले, "साठ वर्षं कापूस पिकवला. कुणाला हलका माल दिला नाय. सर, तुम्हाला ऊब येत नसंल तर ही माझी गादी न्या. मी तुमच्या गादीवर निजतो."

थंडी मरणाची होती. गुडघा नुकताच कुठं चालायला लागला होता. आणि हा माणूस दिलेल्या शब्दापायी आपली उबेची जागा देऊन टाकत होता. मी "अप्पा, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी आणि सरांनी गादी दोन्हीकडून उचलली होती. गादी दारापर्यंत गेली आणि मागोमाग वायर निघाली. वायरीमागं ॲडॉप्टर निघाला, फरशीवर टकटक करत.

सर थांबले. त्यांनी चष्मा वर केला. "अप्पा, कापसाला वायर?"

अप्पांनी सरांकडं बघितलंच नाही. ते थेट माझ्याकडं बघत होते. मग मी बोलायला सुरुवात केली. कार्बन, कण, फुगणारं प्लास्टिक, चौदा वर्षं मनात घोळवलेलं अख्खं भाषण! ते अर्ध्यावर आलं तेव्हा लक्षात आलं, की ऐकत कुणीच नाही. मी म्हणालो, "अप्पा, चुकलं माझं." (देखाव्यातलं वाक्य बरोबर होतं, बोलणारा तेवढा बदलला.)

अप्पा खुर्चीवर बसले. "मंजी गुडघा तुमच्या प्लास्टिकनं बरा झाला?"

"हो."

"मग सांगायचं व्हतं की. मी नाय म्हणलो असतो, तुम्ही भांडून समजावलं असतं. बाहेरच्यावानी चोरून कशापायी केलं? जावई हाय तुम्ही माझे."

चौदा वर्षांत इतकं आपुलकीचं ते माझ्याशी बोलले नव्हते, आणि तेही ओरडताना. माझे डोळे भरून आले. मी चष्मा पुसायच्या निमित्तानं गॅलरीत गेलो. परत येतो तर अप्पांनी हॉलचा ताबा घेतलेला. ते जमलेल्यांना सांगत होते, की माल हलका नव्हता, त्यात फक्त जावयाची वायर राहिली होती, आणि संक्रांतीच्या आत ती प्रत्येकाच्या घरी येऊन बसवून दिली जाईल. मला न विचारता! पण मी तरी कुठं विचारलं होतं?

पुढचा सबंध आठवडा मी ड्यूटीवरून आलो की सुई, दोरा आणि ॲडॉप्टर घेऊन घरोघरी फिरत होतो. हमीदभाईंच्या अब्बांची शीट सगळ्यात आधी लावली. कुलकर्णी सरांनी थर्मामीटर लावून खात्री करून घेतली आणि मगच चहा विचारला. संक्रांतीला नऊही घरांतून आम्हाला तिळगूळ आला. वैशाली माझ्याशी पुन्हा बोलायला लागली, आणि अप्पा काठी आमच्याच घरी विसरून पिशोरला गेले. गादी मात्र वायरीसकट नेली.

परवा आम्ही पिशोरला गेलो. अप्पांच्या ओट्यावर पाच-सहा म्हातारे पाळीपाळीनं गादीवर बसायला आले होते. अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, लग्नानंतर पहिल्यांदा. मी शर्टाची कॉलर नीट केली. आता इंजिनिअर म्हणतील, निदान पॉलिमरवाले तरी.

"हे आमचे जावई," अप्पा अभिमानानं म्हणाले. "कापूस माझा, पण वायर ह्यांची. वायरमन हायेत."

त्यातला एक म्हातारा लगेच उठला. त्याच्या विहिरीवरची मोटार चार दिवसांपासून बंद होती. अप्पा इतक्या कौतुकानं माझ्याकडं बघत होते, की मला नाही म्हणवेना. हातात टेस्टर घेऊन मी दुपारभर त्या विहिरीवर होतो.

मोटार आता कायमचीच बंद आहे.