कोकराच्या पाठीवरचं कातडं

पिंप्राळ्यात आज दारावर घोंगडीवाला आला. लोकरीच्या त्या उग्र वासानं मला सातपुड्याखालच्या आमच्या गायरानात नेलं.

तेव्हा आमचं करडू हरवलं होतं. गायरानात मेंढ्या घेऊन ठेलारी मेंढपाळ उतरलेले, त्यामुळे माझ्या वडिलांना, आबांना, त्यांनीच ते चोरलं यापलीकडे दुसरा विचारच सुचेना. त्यांच्या पालापाशी एका कोकराच्या पाठीवर ओलं कातडं बांधलेलं दिसलं.

“आपला करडानं शे हाई!” ते कातडं पाहून आबा ओरडले.

ठेलारणीनं शेजारच्या मेंढीकडे बोट दाखवलं. “तिनं कोकरू मरी गयं, आबा. तेना वास उना का ह्या पोरक्याले पिऊ देई.”

मेंढीनं आपल्या मेलेल्या कोकराचं ते कातडं पुन्हा पुन्हा हुंगलं आणि कोकराला पिऊ दिलं.

मेंढीचा संशय तिथंच फिटला. आबांनी मात्र घरी येऊन गोठ्याला कुलूप घातलं. आणि मी अजून घोंगडीवाल्याशी जाळीच्या दाराआडूनच बोलतेय.