फिरकीताई आणि हॉलच्या खिडक्या

फिरकीताईचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच ते सुखाने नांदत होतं. टपाल कचेरीत आणि कचेरीमागच्या टेबल टेनिसच्या हॉलमध्ये तिला सगळे फिरकीताईच म्हणायचे. एक तर तिची सर्व्हिस. चेंडू टेकला की वाटावं आता डावीकडे निघाला, आणि तो समोरच्याच्या पोटावर येऊन आदळावा. दुसरी तिची जीभ. दिवसातून दोघातिघांची फिरकी घेतल्याशिवाय बाईला अन्न पचायचं नाही.

हॉल म्हणजे पूर्वीचं पार्सलचं गोदाम. दोन टेबलं, दोन्ही लांब भिंतींना तीन-तीन खिडक्या, आणि सहाच्या सहा कायम बंद. हा ताईचा कायदा, काळ्या दगडावरची रेघ. टेबल टेनिसचा चेंडू म्हणजे जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा जीव, त्याला पंख्याचा वारासुद्धा सोसत नाही. म्हणून खेळताना पंखा बंद, दार बंद, आणि खिडक्यांच्या फटींवर ताईने स्वतः खळ लावून पार्सलच्या खाकी कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. कुणी नवखा "उकडतंय हो" म्हणाला की ती म्हणायची, "बाहेर अंगण आहे, तिथे गोट्या खेळ." सत्तावीस वर्षं हे असं चाललं आणि कुणाची हूं की चूं करायची टाप नव्हती.

मग साथ आली. आली, गेली, आणि आता सुटलो म्हणून सगळ्यांनी हुश्श केलं, तेव्हाची ही गोष्ट. क्लबची स्पर्धा होती. चौदा खेळाडू, बंद हॉल, चार तास आरडाओरडा आणि धापा. त्यात कुणा एकाचा घसा जरासा खवखवत होता. कोण तो, हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही आणि ताई शोधूही देत नाही. "कळून करणार काय? फाशी देणार?" म्हणते. चार दिवसांत चौदातले अकरा अंथरुणात गेले.

दहा जण पंधरवड्यात उठून हिंडूफिरू लागले. ताईचाही ताप सहाव्या दिवशी उतरला. ती कामावर गेली, छाटणीच्या कपाटासमोर उभी राहिली. दोनशे बारा खण, डोळे बांधले तरी पाकीट बरोबर खणात जायचं. त्या दिवशी ती हातात पाकीट घेऊन उभीच राहिली. पत्ता वाचता येत होता, खण आठवत नव्हता. शेजारच्या बाईने हळूच पाकीट काढून घेतलं आणि योग्य जागी टाकलं. ताई घरी येऊन रडली.

पुढे सगळं विचित्रच होत गेलं. जिना चढला की छाती धडधडायची. सगळ्यात वाईट म्हणजे आज जरा बरं वाटलं म्हणून चार कामं केली, की आज काही नाही, उद्याही काही नाही, तिसऱ्या दिवशी मात्र अंगात शिसं ओतल्यासारखं व्हायचं. मग पडदे ओढून दोन दोन दिवस पडून राहायचं, कूससुद्धा बदलवत नसे. रिपोर्ट म्हणाल तर सगळे नॉर्मल. नणंद म्हणाली, "मनावर घेऊ नकोस गं, सगळं मनाचं असतं." अहो, मनाचं असतं तर ताईने मन कधीच ढुंगणावर लाथ मारून कामाला लावलं असतं! पण दिसायला धडधाकट माणसाचं दुखणं लोकांच्या पचनी पडत नाही, हेच खरं. रजा संपली, बिनपगारी संपली, शेवटी ताईने नोकरी सोडली.

तिसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोलत नाही आणि तुम्ही एकट्याही नाही. विषाणू जातो, पण काही जणांच्या शरीरात त्याने मांडलेला पसारा मागे राहतो. आज तरी त्यावर हमखास गोळी नाही. अंगात जेवढं बळ असेल त्याच्या निम्म्यावर थांबायचं. आणि पुन्हा लागण झाली तर आणखी खाली जाण्याची भीती आहे, तेव्हा बंद खोली आणि गर्दी टाळा."

बंद खोली आणि गर्दी. म्हणजे दुसरं तिसरं काय, हॉलच की.

दोन वर्षं ती हॉलकडे फिरकली नाही. दर रविवारी सुतारभाऊचा फोन यायचा. सुतारभाऊ म्हणजे तिचा जुना जोडीदार, आयुष्यभर तिच्याकडून हरलेला गडी. तो कोण जिंकलं, कोण भांडलं, सगळं रंगवून सांगायचा. ताई हसायची आणि फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून बसायची. तिला जिंकायचं नव्हतं, एकवेळ खेळायचंही नव्हतं. तिला त्या हॉलमध्ये खुर्ची टाकून तो टकटक आवाज ऐकायचा होता आणि चार लोकांच्या टोप्या उडवायच्या होत्या. तेवढं गेलं तर मग आपलं म्हणून उरतं काय, असं तिला आतून वाटायचं.

शेवटी तिने निरोप धाडला. मी यावं असं वाटत असेल तर खिडक्या उघडा.

हॉलवर हलकल्लोळ. क्लबचा सेक्रेटरी तारबाबू, जुना तारखात्यातला माणूस, अजूनही शब्द मोजूनमापून बोलतो. तो फोनवर म्हणाला, "खिडकी उघडली, खेळ संपला. कायदा तुमचाच."

"माझाच आहे. म्हणून मोडायलाही मीच येते. रविवारी सगळ्यांना बोलवा. आणि टेलर मास्तरांना सांगा, नेहमीचा सेंट आणा."

टेलर मास्तरांचा सेंट हे एक प्रकरणच होतं. मास्तर गल्लीच्या तोंडाशी आले की हॉलमधले लोक "आले, आले" म्हणायचे. लग्नाचे कोट शिवता शिवता स्वतःच कायम नवरदेवाच्या थाटात.

ताईच्या नवऱ्याने शनिवारीच मंगळवारची रजा टाकून दिली. बस डेपोतला मेकॅनिक, अबोल माणूस. रविवारी हॉलवर जायचं म्हणजे मंगळवारी बायको झोपून असणार, हा हिशेब त्याला पाठ होता. स्कूटरवरून त्याने तिला आणलं. हॉलच्या सात लाकडी पायऱ्या ती दोनदा थांबून चढली. बाकीचे तेराच्या तेरा जण आत उभे राहून तिला थांबलेलं बघत होते. सुतारभाऊ म्हणाला, "ताई, पायऱ्या मोजतेस काय?"

"मोजते आहे. तू लावलेल्या आहेस ना, एखादी चोरली असशील."

हशा झाला. मंडळींच्या जिवात जीव आला.

ताई दाराजवळ खुर्चीत बसली, तोंडावर मास्क, हातात नवऱ्याचं घड्याळ. दार बंद करायला लावलं. मास्तरांना सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात उभं केलं आणि म्हणाली, "माणूस बोलतो, हसतो, धापा टाकतो, तेव्हा तोंडातून जे बारीक बारीक बाहेर पडतं ते दिसत नाही. बंद खोलीत ते तरंगत राहतं, साठत राहतं. सेंट म्हणजे अगदी तेच नव्हे, पण हवा कुणाकुणापर्यंत पोचते ते कळेल. मास्तर, रुमालावर ओता. ज्याला वास येईल त्याने हात वर करायचा."

तारबाबू पुटपुटला, "पोरखेळ." मास्तरांनी मात्र हात राखला नाही.

मिनिटभरात जवळच्या दोघांचे हात वर गेले. तीन मिनिटांत हॉलच्या मध्यापर्यंतचे सगळे. सहाव्या मिनिटाला दाराशी उभ्या तारबाबूचाही हात निमूटपणे वर आला आणि लोक हसायला लागले. "तारबाबू, तार पोचली का?" कुणीतरी ओरडलं. सगळे हात वर, सगळे खिदळताहेत, दोघे तर शिंकायला लागले.

"ताई, तुझा हात?" सुतारभाऊ म्हणाला.

ताई घड्याळाकडे बघत होती. "मी वेळ लावतेय."

"अगं, इथे नाकाचे केस जळायची पाळी आली! मास्क काढ की क्षणभर."

तिने मास्क काढला. का काढला, तिला सांगता आलं नसतं. कदाचित तिलाही वाटलं असेल की आज येईल. तिने डोळे मिटून ऊर भरून श्वास घेतला. सगळे हात वर धरून तिच्याकडे बघत राहिले. तिने पुन्हा एकदा घेतला. मग मास्क परत लावला, आणि तिचा हात मांडीवरच राहिला.

भिंतीला टेकलेला तिचा नवरा तेवढा जमिनीकडे बघत होता.

"किती दिवस झाले?" सुतारभाऊने विचारलं. आवाज अगदीच उतरला होता.

"तेव्हापासून."

"दोन वर्षं? अगं, मी दर रविवारी फोन करतो!"

"काय सांगायचं? चहा गरम लागतो म्हणून पिते, असं सांगू? परवा दूध करपून भांडं काळं झालं, मी शेजारीच बसले होते. यांना खालच्या जिन्यात वास आला. मला तुमची दया नको रे. मला इथे बसायचंय. पण या बंद हवेत नाही बसता येत, आता मला भीती वाटते."

फिरकीताईच्या तोंडून "भीती" हा शब्द कुणी कधी ऐकला नव्हता.

सुतारभाऊ पहिल्या खिडकीशी गेला, खाकी पट्टीखाली पटाशी घातली आणि सरळ ओढली. कागद टर्रकन फाटला. सत्तावीस वर्षांचा चिकटा, खिडकी काही केल्या हलेना, तेव्हा तारबाबूच कोट काढून खांदा लावायला धावला. अर्ध्या तासात सहाही खिडक्या उघड्या झाल्या आणि हॉलभर वारं सुटलं. तारबाबूने फळ्यावर लिहिलं, 'घसा खवखवतो? घरी बसा.' लिहून झाल्यावर मागे वळून ताईकडे बघितलं. तिने मान डोलावली.

आणि मग खेळ! तो काय वर्णावा. चेंडू निघायचा एका टेबलावरून आणि उतरायचा दुसऱ्यावर. सुतारभाऊचा एक फटका थेट खिडकीबाहेर गेला. टेलर मास्तर तीन वेळा हवेतच बॅट फिरवून टेबलावर आडवे झाले. ताई खुर्चीतून ओरडत होती, "अरे वाऱ्याशी भांडू नका, त्याला जोडीला घ्या! मास्तर, चेंडू येईपर्यंत थांबा, तो काय गिऱ्हाईक आहे पळून जायला?" ती पोट धरून हसली. तासाभराने नवऱ्याने खूण केली, आणि ती उठली. एरवी हाताला धरून ओढलं तरी उठली नसती.

सोमवार बरा गेला. सोमवारावर तिचा विश्वास नव्हताच.

मंगळवारी सकाळी जाग आली, पण तिने डोळे उघडले नाहीत. नवऱ्याने पडदे ओढून ठेवलेले, उशाशी पाण्याची बाटली, सगळी तयारी चोख. तिने आधी पायाची बोटं हलवली. मग मान. मग तशीच वाट बघत पडली. डोकं थोडं जड होतं, गुडघे कुरकुरत होते. पण ते शिसं नव्हतं. ती उठून बसली. जरा वेळाने उभी राहिली आणि भिंतीला न धरता स्वयंपाकघरापर्यंत गेली.

नवरा पाठमोरा दूध तापवत होता. वळला आणि "अगं" म्हणाला. बसची इंजिनं उतरवताना ज्याने कधी हूं केलं नाही, तो माणूस स्टुलावर बसून ओक्साबोक्शी रडायला लागला. ताईने आधी गॅस बंद केला, मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तीही रडली.

"आजची रजा टाकलीय मी," थोड्या वेळाने तो डोळे पुसत म्हणाला.

"असू द्या. पुढच्या मंगळवारची टाकू नका."

तो बरं म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी डेपोत जाऊन गुपचूप टाकलीच.