शिंगाडा सोलणारी म्हातारी

ही गोष्ट मी आजवर कोणालाच, अगदी बायकोलाही सांगितलेली नाही. एका लग्नाच्या पंगतीत माझ्या पाच वर्षांच्या मुलीनं वरण सांडलं. "कोणाची पोरगी?" कोणीतरी विचारलं, आणि मी "शेजाऱ्याची" म्हणालो.

तिला समजतं सगळं. पण हातांनी आधी काय, मग काय करायचं, ते जुळत नाही. त्यासाठी दर मंगळवारी तिला बालाघाटला थेरपीला नेतो. डाळ, अंडी, भाजी द्या, पण तिच्या हातानं खाऊ द्या, असं तिथल्या बाईंनी बजावलं होतं. मी मात्र सांडू नये म्हणून भरवत होतो.

एकदा थेरपी संपल्यावर बाहेर उकडलेले शिंगाडे विकणाऱ्या म्हातारीपाशी थांबलो. शिंगाडा सोलून मुलीच्या तोंडाशी धरला, तशी म्हातारी म्हणाली, "काहून भाऊ, पोरीले हात नाही का?"

"तिले जमत नाही, बाई."

"तिले जमत नाही, का तुमाले दम निघत नाही?"

तिनं मुलीचा हात धरला नाही. तो आपल्या काळ्या पडलेल्या बोटांवर ठेवून घेतला आणि सावकाश सोलू लागली. "धर. दाब. ओढ. धानाच्या रोवण्यात माह्या मायनं मले असंच शिकवलं." गिऱ्हाईक खोळंबलं, तरी तिनं मान वर केली नाही. चौथा शिंगाडा मुलीनं एकटीनं सोलला, अर्धा चुरगळला, आणि खाल्ला.

आता ती वरणभात स्वतः कालवते. थोडा सांडतो, आम्ही पुसतो. ती म्हातारी पुन्हा दिसली नाही.

पंगतीतलं माझं उत्तर मुलीनं ऐकलं होतं. तिची माफी मागणं अजून बाकी आहे.