आईंच्या पायांवर

इतरांच्या घरात लग्नाचे, प्रवासाचे किस्से असतात. आमच्या सौंसरच्या घरात शी-शूचे! दोरीवरच्या लंगोटांसारखे ते साचतच जातात. लेक ओवी अकरा महिन्यांची, तिला शिकवणाऱ्या माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई, आणि नापास होणारी मी. मी पांढुर्ण्याच्या शाळेत मास्तरीण आहे, हे इथं सांगायलाही लाज वाटते.

*

ओवी चार महिन्यांची झाली आणि आईंनी सुरुवात केली. मोरीजवळ पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, दोन पावलांवर ओवीला बसवायचं आणि "शूऽऽऽ." झालं की टाळ्या! "शाब्बास माय माही!"

मी मोबाईल पुढे केला. "आई, यात लिहिलंय, इतक्या लवकर शिकवू नये."

आईंनी चष्मा लावून नीट वाचलं. "दुपटे कोन धुते, थे लिहिलं हाय काय यात?"

*

एका रविवारी मी बसवलं. "शू कर ना ओवी, केली का? कर ना गं!" वीस मिनिटं! माझ्या पायांना मुंग्या आल्या. शेवटी उचलून खांद्यावर घेतलं, आणि तिथं झाली.

आई म्हणाल्या, "तू परीक्षा घेऊन राहिली तिची. लेकराले बसव अन् चूप राह्य. घडी घडी काय विचारतं?"

*

जामसांवलीला हनुमानजींच्या दर्शनाची रांग. नंबर अगदी जवळ आला, आणि आईंनी ओवीच्या भुवया आक्रसताना पाहिल्या. शूची खूणच ती. "चाल!" रांग सोडून बाहेर. परतलो तर मागच्या बाई जागा देईनात. "येवढं लहान लेकरू आनताच कायले?"

"मारुतीच्या मायनं बी त्याले असंच धरलं असंन व बाई!"

बाई हसल्या. जागा मिळाली.

*

संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत आईंना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. नागपूरच्या दवाखान्यात पंधरा दिवस.

इकडे मी रोज पाय लांब करून बसायची. ओवी मागे वळून माझा चेहरा पाहायची आणि भोकाड पसरायची. मी डायपर बांधायची, मग मोरीतच बसून आपलंही रडून घ्यायची.

"तिले आईचेच पाय पाहिजे," नवरा म्हणाला.

*

आई घरी आल्या त्या लघवीची नळी लावूनच. गेल्या आठवड्यात सिस्टरनं येऊन नळी काढली. "संध्याकाळपर्यंत आपोआप झाली तर ठीक. नाही तर पुन्हा लावावी लागेल."

चार वाजले. मी भांडं लावलं, पाण्याच्या आवाजानं व्हावी म्हणून मोरीतला नळ सोडून ठेवला, तोंड फिरवून उभी राहिले. "झाली का आई? होईल हं. झाली का?"

वळून पाहिलं तर आईंनी डोळे मिटून घेतलेले. कडेनं पाणी ओघळत होतं.

मी परीक्षाच घेत होते. नळ बंद केला आणि चूप झाले.

ओवी रांगत आली. खाटेचा पाय धरून उभी राहिली. आईंच्या भुवयांकडे बराच वेळ टक लावून पाहिलं.

"शूऽऽऽ."

भांड्यात आवाज आला.

ओवी धपकन खाली बसली, टाळ्या वाजवल्या, आणि मान वर करून थांबली. आईंनी डावा हात उचलला आणि गादीवर थापटला. एकदा. मग पुन्हा.