मिरचीचे हात

अंगणात सून वाळत्या मिरचीची देठं खुडते आहे, आणि त्या खकाण्याने मला आईचे हात आठवले. लढाईचे दिवस होते, रबर मिळेनासं झालं होतं, आणि वडिलांची लघवी अडलेली. दवाखान्यात आईला रबरी नळी घालायला शिकवलं, पण नळी आपली आपण आणायची. नंदुरबारात भाव ऐकूनच आम्ही दुकानाच्या पायऱ्या उतरायचो. शेवटी शेजारचे शिंपीचाचा रेल्वेने सुरतेला गेले आणि हिंडून हिंडून स्वस्तातली एक घेऊन आले. तेवढ्या पैशांसाठीही आई मिरचीची देठं खुडायला जात होती. संध्याकाळी तिने नळी उकळून निवू दिली, हात साबणाने घासले आणि नळी घातली. वडील किंचाळले. दिवसभर खुडून बधिर झालेल्या बोटांतली आग तिला कळलीच नव्हती. “काही नई, नळी गार शे,” वडील दात आवळून म्हणाले. आई समजली. मग नळी मी घालू लागलो. नवी लागेल म्हणून तिचं खुडणं चालूच राहिलं. वडिलांच्या शेवटच्या घटकेला सगळ्यांनी पाणी पाजायला तिलाच पुढे केलं. तिने हात पदराखाली घेतले. “तूच पाज,” ती मला म्हणाली, “मन्हा हातमा आग शे.” आज घसा कोरडा पडलाय, तरी सुनेकडे पाणी मागवत नाही.