फराळाबरोबर पाठवलेली सासू

चहा घ्या आधी. निम्मा तरी संपवा. कारण मी आता जे सांगणार आहे ते ऐकताना चहा नाकात जातो, असा आमच्या घरातला अनुभव आहे.

पोराचं ठरत आलेलं लग्न स्वतःच्या हाताने, वर साजूक तुपातल्या करंज्या ठेवून, मोडायला निघालेली आई कधी पाहिलीत? नाही ना? मग नीट बघून घ्या. समोरच बसलीये!

आमची कर्जतला भातगिरण आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दुपारी गिरण बंद असली की मी केसातला कोंडा झटकते आणि गोष्टी लिहायला बसते. त्या वर्षी निखिलसाठी लोधिवलीची ऋतुजा बघितली होती. बघितली म्हणजे काय, त्या दोघांनी आधीच एकमेकांना बघितलं होतं, आम्ही आपले पोहे खायला गेलो. तुळशीचं लग्न झालं की तारीख काढायची, इथपर्यंत आलेलं.

आणि मला इकडे धडकी भरलेली. मी सासू होणार! चांगली निघेन की वाईट? माझं मलाच कळेना. मग मी ती भीती गोष्टीत घातली. गोष्टीतली सासू अशी खाष्ट, की फ्रीजला कुलूप लावते, किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचते आणि सुनेने चोरून दूध पिऊ नये म्हणून पातेल्यावर दुधाच्या पातळीला टिकली चिकटवते.

वाचनालयातल्या जोगळेकर सरांना दाखवली. पहिलं वाक्य होतं, ‘ती वाईट सासू होती.’ सरांनी मान हलवली.

“सुलभाताई, ही बाई तुम्ही रस्त्यावरून बघताय. तिच्या घरात शिरा. ‘ती’ काढा, ‘मी’ घाला. वाचकाचा विश्वास बसला पाहिजे, की ही बाई खरीच आहे!”

झालं! घरी आले, ‘ती’ काढली आणि ‘मी’ घातली. पहिलं वाक्य झालं, ‘मी वाईट सासू आहे, आणि मला त्याचं काहीसुद्धा वाटत नाही.’ काय सांगू, माझ्याच अंगावर काटा आला! भराभर लिहीत गेले. त्या बाईच्या तोंडून असलं काय काय बाहेर पडलं, की हे दोनदा आत डोकावून गेले, मी कुणाशी भांडतेय ते बघायला.

आपल्याकडच्या एका दिवाळी अंकाने ती छापली. वर माझा फोटो. गिरणीच्या दारात, एक हात कमरेवर, आणि ऊन डोळ्यांवर आल्यामुळे कपाळाला ही एवढी आठी! फोटोखाली नाव, आणि नावाखाली लगेच ते वाक्य.

माझे पाय जमिनीला लागेनात हो! अंक पर्समध्येच ठेवायला लागले. कुठे हळदीकुंकू असो, कुठे साखरपुडा असो, विषय निघाला की काढायचा. विषय नाही निघाला तर आपण काढायचा! शेजारच्या काकूंना दवाखान्यात ठेवलं होतं, त्यांनासुद्धा वाचून दाखवली. बिचाऱ्या दमल्या असाव्यात, ऐकता ऐकता झोप लागली त्यांना.

आणि पाडव्याला लोधिवलीला फराळाचा डबा गेला. होणाऱ्या व्याह्यांकडे पहिला फराळ! चकल्या, करंज्या, अनारसे, आणि सगळ्यात वर अंक. माझं पान चटकन उघडावं म्हणून मध्ये झेंडूची पाकळी घालून.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नव्हतं आलं!

तुळशीचं लग्न झालं आणि ती मंडळी घर बघायला आली. ऋतुजाचे आईवडील अगदी गरीब स्वभावाचे, तोंडातून शब्द नाही. त्या घरात चालतं ते आत्याचं. गावातच दिलेली, स्वतःची सून घरात असलेली, करड्या आवाजाची बाई. आल्या आल्या म्हणाली, “गार पाणी हाय का?”

“आणते ना, बसा.”

“नको नको, मी घेते. आपलंच घर हाय!” म्हणत ती थेट स्वयंपाकघरात. मागोमाग मी.

फ्रीजसमोर जाऊन बाई थबकली. कारण आमच्या फ्रीजच्या दाराचं रबर गेलं होतं, दार राहायचं नाही, म्हणून ते परकराच्या नाडीने बांधलेलं होतं. चांगल्या दोन निरगाठी मारून!

“हे असंच ऱ्हातंय का?” आत्याने विचारलं.

“हो, नाहीतर सारखं उघडतं,” मी म्हटलं. “मला एकटीलाच सोडता येते ही गाठ.”

आत्याने माझ्या कमरेकडे बघितलं. गिरणीच्या किल्ल्या. मग ओट्याकडे बघितलं. तिथे विरजणाचं पातेलं, आणि त्यावर लालभडक टिकली! कारण तशी खूण केली नाही तर हे विरजणाचाच चहा करतात. पण हे त्या बाईला कोण सांगणार? मी तर बोलून गेले, “ती टिकली असली म्हणजे कुणी हात लावत नाही.”

गार पाणी न पिताच आत्या बाहेर गेली. निघताना ऋतुजाची आई माझ्याकडे अशी बघत होती, जशी आपण रस्त्यात आडव्या बसलेल्या म्हशीकडे बघतो. जाईल का बाजूला, की मारेल?

त्यानंतर फोन नाही. आपण करावा तर उचलत नाहीत. उचलला तर “बघू, कळवतो.” तारखेचं नाव नाही. निखिल जेवणाच्या ताटावर नुसता बसून उठायचा. पोराचं तोंड बघवत नव्हतं हो मला. शेवटी त्यानेच विचारलं.

“आई, फराळाबरोबर तू काय पाठवलंस?”

“चकल्या, करंज्या, अनारसे. का? खवट होते का?”

“अजून?”

“दिवाळी अंक.”

“त्यात काय होतं?”

“माझी गोष्ट!”

“आणि गोष्टीत?”

मी तोंड उघडलं, आणि तसंच उघडं ठेवलं.

“त्यांना वाटतंय तू कबुली दिलीयेस,” निखिल म्हणाला. “वर फोटो, खाली नाव, आणि मी मी मी! आत्या म्हणतेय, बाई खरं बोलणारी हाय, पर पोरगी द्यायची नाय.”

“अरे पण ती गोष्ट आहे!”

“ते मला माहितीये. त्यांनी येऊन फ्रीज बघितला ना!”

“आणि ऋतुजा काय म्हणते?”

“ती हसली. पण घरच्यांच्या मनाविरुद्ध नाही करायचं म्हणते.”

धावत सरांकडे गेले. सगळं सांगितलं. तर सर काय म्हणाले असतील? म्हणाले, “वा! म्हणजे जमलीये गोष्ट!”

मी त्यांच्याकडे असं बघितलं, की ते चष्मा पुसायला लागले. मग म्हणाले, “असं करा, पुन्हा ‘ती’ घालून लिहा. ‘ती’ म्हटलं की कुणाचा कुणाशी संबंध राहत नाही. सगळी रचना आहे हे त्यांना आपोआप पटेल.”

मी बसले लिहायला. या वेळी अजिबात कसर ठेवायची नाही! फ्रीज काढून टाकला. दूध काढून टाकलं. किल्ल्या फेकून दिल्या. आमच्या घरातलं काहीच नको म्हणून त्या सासूला कोंबड्या दिल्या. आता ती रोज संध्याकाळी अंडी मोजते, आणि एखादं कमी भरलं की सुनेला म्हणते, “आ कर!” आणि तिच्या तोंडाचा वास घेते. आमच्याकडे कोंबडीचं पीससुद्धा नाही. आता बघू कोण म्हणतं ही मी आहे!

रविवारी लोधिवलीला गेलो. मी, हे, निखिल आणि आमच्या सासूबाई. सासूबाईंना मी नको म्हणत होते, पण त्या आधीच गाडीत पुढे जाऊन बसल्या होत्या. तिकडे सगळे आत्याच्या घरी, ओटीवर जमलेले. मी सांगितलं, “तुमचा गैरसमज झालाय. मी हीच गोष्ट वेगळी करून आणलीये. नुसती ऐका.”

आणि वाचायला लागले. ‘ती वाईट सासू होती...’

सगळे शांत. मला वाटलं, रंगतेय! अंड्यांपर्यंत आले. ‘आ कर’ म्हणाले मात्र, आतल्या दारातून फुर्रकन आवाज आला. आत्याची सून चहाचा ट्रे घेऊन उभी होती, आणि ट्रेमधले कप नुसते खडखडत होते. हसू दाबून दाबून तिचे डोळे भरलेले.

“आई,” ती आत्याला म्हणाली, “ह्यांना कसं कळलं वो?”

आत्या उभी राहिली. आणि त्याच वेळी परसातून कोंबडी ओरडली! देवाशपथ सांगते! आत्याकडे कोंबड्या आहेत हे मला कुणी सांगितलं होतं का?

“कुणी सांगितलं तुमाला आमच्या घरातलं?” आत्या कडाडली. “ऋतुजे, तू सांगितलंस?”

“मी नाय गं आत्या!”

“मंग निखिलला बोलली असशील! लग्नाच्या आधीच आमची अब्रू कर्जतला न्यायला लागली ही!”

ऋतुजा रडकुंडीला आली. निखिल उभा राहून पुन्हा बसला. हे छताकडे बघायला लागले. संकट आलं की हे छताकडे बघतात. आणि मी? कागद हातात, मनात एकच, की संपलं! पोराचा संसार मांडायच्या आधीच मी मोडला. मला खरंच रडू फुटलं.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “ये बाय, खाली बस. तुज्या कोंबड्या ऱ्हाऊ दे. ती सासू मी हाय.”

“म्हंजे?” आत्या म्हणाली.

“म्हंजे काय म्हंजे? पातेल्याला टिकली लावायची सवय कुणाची? माझी! ही नवीन आली तवा घरात दूध कमी भरायचं. मी टिकली लावायची.”

“आई!” माझं रडणंच थांबलं. “ते दूध हे प्यायचे!”

सगळ्यांनी यांच्याकडे बघितलं. हे छत सोडून भिंतीकडे बघायला लागले.

“ठावं हाय गं,” सासूबाई म्हणाल्या. “मागून कळलं मला. पर तवर टिकलीची सवय लागली.” मग आत्याकडे वळून, “मी हिला एवढं छळलं, तरी माझा पाय मोडला तवा हिनंच मला उचलून न्हाणीत नेलं. कदी तोंड वाकडं केलं नाय. आता तूच सांग, आमचं घर पोरगी द्यायला वाईट हाय?”

आत्या हळूहळू खाली बसली.

“पर फ्रीजला ती नाडी?” तिने शेवटचा डाव टाकला.

“रबर गेलंय! माज्या लेकाला सांगून सांगून दमलो आमी.”

आधी आत्याची सून हसली. मग ऋतुजा. मग आत्यासुद्धा, तोंडावर पदर धरून. मला म्हणाली, “गोष्ट हाय तर आधी सांगायचं ना, ताई! गोष्ट असती तर ‘एक व्हता राजा’ असं लिव्हत्यात. तुमी तर सरळ ‘मी’ लिव्हलंत, आनि वर फोटो!”

तारीख तिथेच निघाली. आहेर म्हणून आत्याने काय द्यावं? फ्रीजचं नवीन रबर, ते बसवणाऱ्या माणसासकट!

परतताना मी सासूबाईंना हळूच म्हटलं, “आई, तुम्हाला राग नाही ना आला?”

“राग कशाला? पहिल्या वेळीच वळखलं मी मला. पर बरी लिव्हलीस. जरा गोरी दाखवायची व्हतीस.”

लग्न झालं, ऋतुजा घरी आली, आणि गुणाची निघाली पोर. आमच्या दोघींचं छान जमलं. एक दिवस दुपारी म्हणाली, “आई, मीपण एक गोष्ट लिहितेय. ‘मी’ लिहू की ‘ती’?”

मला केवढा आनंद! म्हटलं, “‘ती’ लिही गं बाई. ‘मी’ने माझे काय हाल केले ते बघितलेस ना? फक्त कोंबड्या घालू नकोस.”

लिहून झाल्यावर तिने सगळ्यांना बसवून वाचून दाखवली. एक पापडवाली बाई असते. तिची कृती एकदा पेपरात छापून येते. झालं, ती ते कात्रण पर्समध्ये घेऊनच फिरते! लग्न असो, बारसं असो, काढलं कात्रण! एकदा तर दवाखान्यात आजारी माणसाला वाचून दाखवते, आणि तो बिचारा सुटका व्हावी म्हणून झोपेचं सोंग घेतो.

मी पोट धरधरून हसले. डोळ्यांतून पाणी! म्हटलं, “काय गं ही बाई! हुबेहूब उतरलीये! अशा असतात हो बायका, स्वतःला काही कळत नाही त्यांना. कुणावरून घेतलीस?”

निखिलला एकदम गिरणीत काम आठवलं. सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. ऋतुजा लालेलाल.

“सांग की! मी नाही कुणाला सांगणार. माझ्या ओळखीची आहे का?”

मी यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघत होते.

“राहू दे बाई, नको सांगू,” म्हणत मी उठले. आत्याच्या नातवाचं बारसं होतं, लोधिवलीला निघायचं होतं. पर्स उघडली, दिवाळी अंक घेतलाय की नाही ते बघायला.

होता. जागच्या जागी. मी पर्स तशीच धरून मटकन खाली बसले, आणि मग त्या घरात जे हसणं सुरू झालं ते शेजारच्या काकूंपर्यंत गेलं.

हसा, तुम्हीही हसा. चहा गेला ना नाकात? सांगितलं होतं. पुसा तोंड आणि नीट बसा आता. आणि ती पर्स जरा इकडे द्या. विषय निघालाच आहे, तर पहिलं पान तरी वाचून दाखवते.